दारावरची पन्हळ

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. रक्कम सहाशे चाळीस पौंड. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हजर होतो ते आम्ही असे: माझे बाबा, आई, बाबांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, पन्हळी बसवून देणारे मिस्टर गॉर्डन, आणि सोळा वर्षांची मी. घराच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या जुन्या बिडाच्या पन्हळी काढून नव्या लावायच्या होत्या. जुन्यांच्या सांध्यांतून गंज उतरून पांढऱ्या भिंतीवर तपकिरी ओघळ आले होते, आणि मागच्या बाजूला एक तुकडा वाकून माहेरी निघाल्यासारखा भिंतीपासून सुटला होता. मिस्टर गॉर्डननी टेबलावर तीन नमुने मांडले. बीड, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक. आईनं मधली लोणच्याची बरणी उचलून बाजूला ठेवली आणि चहा टाकला.

ग्लासगो सोडून आम्ही त्या गावात आलो त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. बाबांना तिथल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली म्हणून. डोंगरांच्या पूर्वेला, आडोशाला वसलेलं गाव. ग्लासगोचा पाऊस त्या डोंगरांच्या पलीकडेच रिकामा व्हायचा आणि आमच्यापर्यंत नुसता वारा यायचा, कोरडा, सुरीसारखा. थंडी अशी की सकाळी दाराची कडी हाताला चिकटायची, पण पाऊस बेताचा. वेंगुर्ल्याची माझी आई त्या पावसाला पाऊस म्हणायलाच तयार नव्हती. एवढं तर आमच्याकडे माडाच्या झावळीवरून ठिबकतं, म्हणायची. बाबा कुठलाही निर्णय आकड्यांवाचून घेत नसत. त्यांनी छपराचं क्षेत्रफळ काढलं, पावसाच्या सगळ्यात वाईट तासाचा हिशेब केला आणि निष्कर्ष काढला की प्लास्टिकची खोल पन्हळ, मीटरला एक आधाराचं ब्रॅकेट, एवढं पुष्कळ होतं. मिस्टर गॉर्डननी ब्रॅकेट जवळजवळ लावायला सुचवलं, छपराच्या कडेला बर्फ अडवणाऱ्या पट्ट्याही दाखवल्या. त्याचे वर एकशे ऐंशी होत होते. बाबांनी हसून मान हलवली. आजही मला तो हिशेब चुकलेला वाटत नाही. मागच्या बाजूची तीच पन्हळ, त्याच अंतरावरच्या ब्रॅकेटांवर, आम्ही घर विकलं तेव्हाही सरळ रेषेत टिकून होती. बाबांनी मोजायला हवं होतं ते पाणी आकाशातून येणारच नव्हतं.

आत्या त्या उन्हाळ्यात मिरजेहून आली होती. बाबांची आई ते लहान असतानाच गेली, तेव्हा अकरा वर्षांच्या आत्यानं त्यांना वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, यजमान गेले, दिरांनी वाटणीत तिला एक खोली आणि पुष्कळ उपदेश दिला. बाबांनी वर्षभर अर्ज करून तिला बोलावून घेतलं. ती आमच्याकडे टिकते की नाही, हे त्या हिवाळ्यात ठरायचं होतं. कोणी तसं बोलून दाखवलं नाही, पण जेवताना, भांडी आवरताना, दार लावताना घरात तेच असायचं. टिकायला हवी होती ती सगळ्यांना. अडचण एवढीच होती की आमचं घर मासे खाणारं होतं.

बाबा मूळचे शाकाहारी, पण लग्नानंतर आईनं त्यांना बाटवलं होतं, हा तिचाच शब्द. किनाऱ्यावरून दर शुक्रवारी दुपारी मासेवाल्याची व्हॅन आमच्या रस्त्यावर यायची. भोंगा वाजला की आई हातातलं काम टाकून निघायची. त्या गावात तिचं असं फार काही नव्हतं. दुपारी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम, बाकी थंडी. पण हॅडक हा तिकडचा पांढरा मासा आणि बांगडे असे ताजे मिळायचे की ती ते कागदातून काढून आधी नुसती बघत राहायची. रवा लावून तळलेला हॅडक, तिरफळं घालून केलेली बांगड्याची आमटी, आणि वर खिडक्यांवर साचलेली वाफ. त्या वाफेत आई गाणं गुणगुणायची. एरवी ती गात नसे.

आत्यानं पहिल्याच आठवड्यात घर फिरून बघितलं आणि देवघराचा प्रश्न सोडवायला घेतला. देवांच्या डोक्यावर माणसांचे पाय पडता कामा नयेत. म्हणजे तळमजल्याच्या खोल्या बाद, कारण वर आम्ही झोपायचो. वरती आईबाबांची खोली अर्थातच नाही. दुसऱ्या खोलीत मी आणि आत्या झोपायचो, पण माझ्या महिन्याच्या चार दिवसांमुळे तीही नाही. मागे बांधून काढलेल्या एकमजली स्वयंपाकघरावर मात्र नुसतं छप्पर होतं, पण तिथे मासे. उरली वरची सामानाची खोली, बरोबर पुढच्या दाराच्या डोक्यावर. उतरत्या छपराखाली, ट्रंका ठेवण्यापुरती. आतून नुसत्या फळ्या आणि त्यांच्यावर थेट स्लेटच्या दगडी पाट्यांचं छप्पर. घराच्या बाकीच्या भागात छपराखाली घातलेली, ऊब धरून ठेवणारी काचलोकर तिथे कोणी घातली नव्हती, कारण ट्रंकांना थंडी वाजत नाही. बाबांनी ट्रंका हलवल्या, जमिनीवर गालिचा टाकला, शिसवी देव्हारा मांडला. रोज सकाळी दोन तास आत्या तिथे बसायची. घंटेचा आवाज जिन्यावरून खाली यायचा, उदबत्तीचा वास त्याच्यामागून. खाली स्वयंपाकघर आईचं, वर सामानाची खोली आत्याची, असा तह झाला. थंडी पडायला लागली तसा बाबांनी तिथे तेलाचा हीटर आणून ठेवला. आत्यानं देवांना लोकरीचे अंगरखे घातले. नोव्हेंबर संपता संपता ती खोली घरातली सगळ्यात उबदार खोली झाली होती.

पहिला बर्फ पडला तो तांदळाच्या पिठीसारखा, कोरडा आणि हलका. वारा आला की छपरांवरून धूर निघाल्यासारखा उडायचा. सगळ्या रस्त्यावरची छपरं पांढरी झाली आणि तशीच राहिली, कारण वितळायला ऊन नव्हतं. आमचं छप्परही पांढरं होतं, पुढच्या दारावरचा एक चौकोन सोडून. तिथे स्लेट उघड्या होत्या, काळ्या, ओलसर. मी शाळेतून येताना रस्त्याच्या टोकापासून तो चौकोन दिसायचा. घराला तेवढ्याच जागी भाजल्यासारखा.

आत्याला आम्ही बाहेर नेऊन तो दाखवला. तिनं हात जोडले. देवाच्या डोक्यावर बर्फसुद्धा थांबत नाही, म्हणाली, आणि त्या दिवशी नैवेद्याला शिरा केला. आईनं शिरा वाढून घेतला आणि खाल्ला. शेजारच्या मिसेस मॅक्रेंना मात्र तो चौकोन आवडला नाही. सत्तरीच्या बाई, जन्मापासून त्याच रस्त्यावर. कुंपणाशी उभ्या राहून त्यांनी बराच वेळ वर पाहिलं आणि मग बाबांना विचारलं की तुम्ही वर कोंबड्या उबवताय का. बाबा हसले. त्या हसल्या नाहीत. चौकोनाखाली, पन्हळीच्या कडेवर, बोटाएवढे बर्फाचे सुळे लोंबायला लागले होते, त्यांच्याकडे त्यांनी हातातल्या काठीनं दाखवलं. “वितळतंय ते पाणी खाली येऊन पन्हळीत गोठतंय,” त्या म्हणाल्या. “आता रोज गोठेल. मला तुमच्याकडे यायचं झालं तर मागच्या दारानं येईन हं.” आणि त्यानंतर त्या कधीही पुढच्या दारानं आल्या नाहीत. नाताळची केकची बशीसुद्धा त्यांनी घराला वळसा घालून मागून आणून दिली. तो वळसा मला फार भीतिदायक वाटला. शेजारची बाई आपल्या दाराला घाबरत होती.

आज मी दूर दक्षिणेला, एजवेअरला राहते. इथे बर्फ क्वचित पडतो. पण पडला की मी खिडकीशी जाऊन समोरची छपरं बघते. कुठल्या घराचं छप्पर आधी उघडं पडतं, कोणाकडे काचलोकर पातळ आहे, कोणी माळ्यावर खोली काढली आहे. माझ्या मुली म्हणतात, मम्मी इज रीडिंग द रूफ्स अगेन. दर नोव्हेंबरात शिडी लावून मी पन्हळी स्वतः साफ करते, पानं आणि वाळलेल्या बिया काढते, वरून बादलीभर पाणी सोडून उतार तपासते. ते सगळं करावंच. पण पन्हळ म्हणजे छपराचा शेवट आहे, छपराखाली काय चाललंय ते आधी बघावं, हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही.

डिसेंबरभर ते वाढत गेलं. दुपारी हीटर आणि थोडं ऊन यांनी मिळून ठिबक सुरू व्हायची. टप, टप, टप, दाराच्या पायरीवर. तीनच्या सुमाराला उजेड गेला की ती एकदम थांबायची. थांबली की आम्ही सगळे नकळत वर बघायचो. मग पन्हळ कुरकुरायची. प्लास्टिक थंडीत आकसतं, बाबांनी समजावलं, आवाज त्याचा आहे. बोटाएवढे सुळे मनगटाएवढे झाले, मग हातभर. पन्हळ आतून गच्च भरली आणि बर्फ तिच्या ओठावरून बाहेर ओघळून घट्ट झाला. बाबांनी लांब दांड्याच्या झाडूनं सुळे पाडले. चार दिवसांत नवे आले, आधीच्यापेक्षा जाड. जुन्या मोज्यांमध्ये मीठ भरून ते बर्फावर टाकून पाहिले. मोजे गोठून तिथेच अडकले आणि उंदीर लटकल्यासारखे दिसू लागले. शिडी लावली तेव्हा पायरीवरच्या बर्फावर शिडीचा पाय सरकला आणि आईनं त्यांना पुन्हा चढायचं नाही अशी जागच्या जागी शपथ घातली. मिस्टर गॉर्डननी फोनवर सांगितलं की अशा थंडीत ते माणूस वर चढवत नाहीत, बर्फ उतरला की येतील. त्या खोलीच्या फळ्यांवर काचलोकर घालून हवी होती, खरा उपाय तोच, पण तो कारागीरही ईस्टरनंतरचाच वायदा करत होता. मग बाबा हिशेबाला बसले. पन्हळीतला बर्फ वीस किलोच्या आसपास, म्हणाले, बाहेर लोंबतो तो वेगळा, दुप्पट तरी. चार ब्रॅकेट. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्या दिवसापासून पुढचं दार बंद, सगळ्यांनी मागच्या दारानं जायचं, असा हुकूम निघाला. आम्ही पाळला. आत्याला तो पाळता येत नव्हता. सकाळी अंघोळ करून, सोवळ्याचं नेसून, ती सूर्याला अर्घ्य द्यायला पूर्वेच्या म्हणजे पुढच्या दारात जायची. मागच्या दाराची वाट स्वयंपाकघरातून होती. त्या वाटेनं गेली तर सोवळं कुठे राहिलं? बाबांनी दिवाणखान्याच्या खिडकीतून अर्घ्य द्यायला सुचवलं. आत्या म्हणाली, खिडकीतून अर्घ्य म्हणजे फोनवरून नमस्कार. पुढे अंगणात फाटकापर्यंत जाऊन दे म्हटलं तर तिथली फरसबंदी काचेसारखी झाली होती, आणि तिथे जायचं तरी त्याच दारातून. शेवटी ती पायरीवर उभी राहायची, पायरीवर पाणी गोठू नये म्हणून बाबांनी ठेवलेल्या प्लास्टिकच्या घमेल्यात तांब्या ओतायची, आणि तिच्या पांढऱ्या केसांच्या बरोबर वर ते सगळं लोंबत असायचं.

बाबांनी एका संध्याकाळी तिला समोर बसवून सरळ सांगितलं. हीटर आहे म्हणून बर्फ आहे. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “मग बंद कर की हीटर. मी बसते थंडीत. मला काय होतंय?”

हीटर बंद केला. चार दिवस आत्या उणे आठच्या थंडीत दोन शाली पांघरून पूजेला बसली. समईतलं तेल गोठायचं, गंध उगाळायला पाणी खालून कोमट नेलं तरी वर जाईपर्यंत गार. पाचव्या दिवशी ती खोकायला लागली. तो खोकला घंटेच्या मध्ये मध्ये खाली ऐकू यायचा आणि बाबांच्या हातातला चहाचा कप थांबायचा. सहाव्या दिवशी ते जिना चढून गेले आणि हीटरचं बटण लावून आले. छपरावरचा चौकोन, जो जरा पांढरट व्हायला लागला होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा झाला.

आता एकच वाट उरली होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. देव स्वयंपाकघरात आणायचे, ईस्टरपर्यंत. तिथे डोक्यावर पाय नाहीत, थंडी नाही, आणि तिथे देव असले तर आत्याला सोवळ्यानं मागच्या दारानं बाहेर पडून, घराच्या कडेला जाऊन पूर्वेला अर्घ्य देता आलं असतं. फक्त मासे बंद करावे लागले असते. बाबांनी हे आईला विचारलं तो शुक्रवार होता. ती हॅडकला रवा लावत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

“ईस्टरपर्यंत,” बाबा पुन्हा म्हणाले. “तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

“अहो, स्वयंपाकघरात आलेले देव परत जात नसतात,” आई म्हणाली. “आणि ईस्टरनंतर त्यांना उठवायला मी सांगू? मी? जन्मभर ऐकून घेईन मग.” तेल तापलं होतं. तिनं पहिला तुकडा सोडला. “वेंगुर्ला सोडलं, ग्लासगो सोडलं. या घरात हे एक माझं आहे. वन्संना इथे ठेवायला मी कधी नाही म्हटलेलं नाही. पण हे नाही मागायचं तुम्ही माझ्याकडे.”

आत्या जिन्याच्या तळाशी उभी होती. तिनं किती ऐकलं ते आम्हाला कळलं नाही. ती फक्त म्हणाली, “श्री, देवांसाठी कोणाच्या तोंडचा घास काढायचा नाही. नाहीतर माझं तिकीट काढ.” आणि वर निघून गेली.

मग बाबांनी जे केलं ते आता सांगताना कोणालाही हसू येईल. जेवायला बसायचा एक मोठा सागवानी पाट मिरजेहून आत्याबरोबर आला होता. नाताळच्या सुट्टीच्या त्या दिवसांत रोज सकाळी, पावणेनऊला सूर्य उगवायचा तेव्हा, बाबा ओव्हरकोट घालून आत्याच्या मागे उंबऱ्यात उभे राहायचे आणि दोन्ही हातांनी तो पाट तिच्या डोक्यावर धरायचे. पुढे आत्या मंत्र म्हणत पाणी सोडतेय, मागे शाळेचे गणिताचे मास्तर छत्रचामरं धरल्यासारखे. मिसेस मॅक्रे पडद्याआडून बघायच्या. आई म्हणायची, मिरजेच्या राणीसरकार. पण ती हसायची नाही आणि पाणी सोडून आत्या आत येईपर्यंत सिंकपाशी नळ बंद करून कान देऊन उभी असायची.

जानेवारीत शाळा सुरू झाली. सूर्य पावणेनऊला, शाळा नऊला. बाबांना ते जमणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी ते दारातून परत परत मागे वळत होते. आईनं त्यांच्या हातातून पाट घेतला. “जा तुम्ही,” म्हणाली. “मी धरते.” मी प्रिलिम्सच्या, म्हणजे शाळेच्या पूर्वपरीक्षांच्या, अभ्यासासाठी घरी होते. मी धरू का, विचारलं. तू पुस्तकात बघ, ती म्हणाली. औषधांच्या दुकानात जायला तिला दुपार होती. त्यानंतर आठवडाभर रोज आईच धरायची. दोघी त्या वेळी एकमेकींशी बोलत नसत. एकीचं तोंड सूर्याकडे, दुसरीचं वर.

त्या मंगळवारी हवा बदलली. वारा दक्षिणेकडून आला होता, थोडा मऊ, आणि आठवड्यांनंतर पहिल्यांदा ठिबक सकाळीच सुरू झाली होती. मी जिन्यात बसून त्रिकोणमितीचं पुस्तक वाचत होते, कारण तिथून दार दिसायचं. आत्यानं तांब्या उचलला. तेवढ्यात वर कापड फाटल्यासारखा आवाज झाला, एक ब्रॅकेट, मग दुसरं, डावीकडून उजवीकडे. आईनं पाट एका हातात तोलला आणि दुसऱ्या हातानं आत्याच्या पाठीला असा हिसका दिला की आत्या अंगणात बर्फावर गुडघ्यांवर जाऊन पडली. मग दार भरून काहीतरी पांढरं खाली आलं. उजेड गेला आणि परत आला.

पाट मधोमध चिरला होता. आई उंबऱ्यात बसली होती, पाठ चौकटीला टेकून, आणि डाव्या हाताकडे बघत होती. मनगटाच्या वर तो नको तिथे वाकला होता. तिच्या पुढ्यात पन्हळीचा दहा फुटी तुकडा पडला होता, आत नळीच्या आकाराचा बर्फ अखंड, आणि त्यात ते मिठाचे मोजे. मी दोघींपैकी आधी कोणाकडे धावले ते मला आठवत नाही. आठवतं ते आत्या गुडघ्यांवर रांगत बर्फातून परत दाराकडे आली ते. सोवळं चिखलात, हातात तांब्या तसाच. “मीना,” ती म्हणाली. “अगं मीना. मला का ढकललंस?”

“मग काय करू,” आई म्हणाली. तिचे दात वाजत होते. “पाट लहान होता.”

मिसेस मॅक्रेंनी त्यांच्या गाडीतून आम्हाला हॉस्पिटलात नेलं. हाताची दोन्ही हाडं मोडली होती, प्लेट बसवावी लागली. बाबा शाळेतून थेट तिथे आले. आत्या कॉरिडॉरमध्ये त्याच मळलेल्या लुगड्यात बसून होती आणि नर्सनं दिलेला चहा हातात गार होत होता. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिनं एवढंच विचारलं की घरी हीटर बंद केलाय ना.

आई घरी आली ती काहीतरी मनाशी ठरवून आली होती. डावा हात गळ्यात बांधलेला. तिनं मला हाताशी घेतलं आणि तळणीचा तवा, माशांची आमटी करायचं पातेलं, चॉपिंग बोर्ड असं सगळं एका खोक्यात भरून गॅरेजमध्ये ठेवायला लावलं. स्वयंपाकघराचा कोपरा सोडा लावून धुववून घेतला. मग जिन्याखाली जाऊन वर हाक मारली. “वन्सं, देव खाली घेऊन या.” हीटर बंदच होता. देव अंगरख्यांत होते आणि आत्या त्यांच्याजवळ दार लावून खोकत होती.

शुक्रवारी भोंगा वाजला. आई उठली नाही. आत्या जिना उतरून आली, पायांत माझे बूट, अंगावर बाबांचा कोट, आणि स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं बाहेर पडली. त्या दारातून तिला जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खिडकीतून दिसत होतं, ती व्हॅनपाशी उभी राहून बोटानं दाखवत होती, मासेवाला काहीतरी विचारत होता, ती मान हलवत होती. परत आली तेव्हा कागदातलं पुडकं अंगापासून लांब धरलं होतं. ते तिनं आईसमोर टेबलावर ठेवलं.

“शुभाकडून तळून घे,” माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. “हात मोडलाय, जीभ नाही मोडली तुझी.”

आईनं पुडक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “वन्सं, मी जागा केलीय.”

“बघितली.” आत्या कोट काढत होती, बटण निघत नव्हतं. “चांगली केलीस. पण तुझा हात माझ्या देवांनी मोडला, आता चूलही मोडू? मी मिरजेला थंडीत बसत नाही, कोणाला पाट धरून उभं करत नाही. तिकीट काढायला सांग त्याला.”

आईनं पुष्कळ समजावलं. बाबा तर दोन दिवस तिच्याशी बोललेच नाहीत, लहान मुलासारखे. मग तेही समजवायला लागले, काचलोकर घालू, ईस्टरनंतर माणूस येतोय, एवढं थांब. ती सगळ्याला हो म्हणायची आणि देवांचे अंगरखे घडी करून ट्रंकेत ठेवायची. मी हॅडक तळला होता, आधी कच्चा राहिला, मग करपला. आईनं तो खाल्ला. गाणं मात्र तिनं त्या स्वयंपाकघरात पुढे कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मिस्टर गॉर्डननी मार्चात येऊन दारावर नवा तुकडा लावला, ब्रॅकेट जवळजवळ. त्याचे पंच्याण्णव पौंड बाबांनी त्यांना रोख दिले. काचलोकर घालून घेतली नाही, कारण त्या खोलीत आता पुन्हा ट्रंका होत्या. तिकीट ग्लासगोच्या ट्रॅव्हल एजंटाकडून काढलं. आत्यानं एकाच बाजूचं सांगितलं होतं. आईनं बाबांबरोबर ग्लासगोला जाऊन, प्लास्टरच्या हातानं स्वतःच्या पोस्टातल्या खात्यातून पैसे काढून, परतीचं घेतलं, वर्षभर चालणारं. चारशे सव्वीस पौंड, एजंटाला, आईनं दिले. परतीचा भाग वापरला गेला नाही, आणि त्याचे पैसे परत मिळत नव्हते.